लाल टिकल्या आणि सुनामीचा नकाशा



मागच्या बैठकीत आम्ही टेबलावर गावाच्या किनाऱ्याचा नकाशा पसरला आणि सभासदांना सांगितलं, ज्या जागांवाचून आपलं चालत नाही तिथं लाल टिकली लावा. जेटी, डिझेल पंप, बर्फाचा कारखाना, लिलावाची शेड, संस्थेचं ऑफिस, विजेचा ट्रान्सफॉर्मर, दवाखाना, शाळा. टिकल्या लावून झाल्या आणि सगळे गप्प झाले. शाळा तेवढी सड्यावर, बाकी सगळ्या टिकल्या पाण्याच्या काठाला.

"पण सुनामी तिकडची, तामिळनाडूची. आपल्याकडं कुठं येते?" एका जुन्या तांडेलांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण २६ डिसेंबर २००४ ची लाट वळसा घालून केरळच्या कोल्लमपर्यंत आली आणि तिथंही मच्छीमारांचे जीव गेले. आपल्या अरबी समुद्रातही मकरानचा किनारा आहे, पाकिस्तान-इराणच्या बाजूला. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे तिथं ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी लाट मुंबईला पोचली आणि काही माणसं वाहून गेली. असं रोज घडत नाही, पण एकदा घडलंय.

म्हणून नकाशा हवा. भूकंप कुठं आणि किती मोठा होईल हे धरून, समुद्राची खोली आणि जमिनीची उंची घालून संगणकावर हिशोब करतात. पाणी कुठवर शिरेल, किती खोल असेल, हे त्यातून दिसतं. आपल्याकडं नदीच्या मुखातून शिरलेलं पाणी खाजनातून आत पसरू शकतं. म्हणजे घर किनाऱ्यापासून लांब आहे एवढ्यावर निर्धास्त राहून चालणार नाही. घर किती उंचावर आहे ते बघायचं.

पण पाण्याची रेघ मारली म्हणजे काम संपलं नाही. त्या रेघेच्या आत काय काय येतं, तेही मांडायला हवं. जपानमध्ये ११ मार्च २०११ ला मिनामीसानरिकू गावात पाच मजली रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. जिथं जखमींना न्यायचं, तिथलेच रुग्ण दगावले. त्याच दिवशी फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात तळघरातले जनरेटर बुडाले आणि पुढचं संकट ओढवलं. जनरेटर होते, पण जागा चुकली.

आपली जेटी आणि बर्फाचा कारखाना डोंगरावर नेता येणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. संस्थेच्या ऑफिसात होड्यांची नोंदणी आणि विम्याची कागदपत्रं तळमजल्याच्या कपाटात होती. ती आम्ही वरच्या मजल्यावर हलवली. वायरलेस सेट आणि बॅटरीही वर नेली. प्रत्येक वाड्यातून सड्यावर जायची वाट कुठली, वाटेत पूल किंवा मानस आहे का, म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना कोण नेणार, हे आता नकाशावर मांडतोय.

इशारा हैदराबादच्या इन्कॉइसकडून येतो. मासळी कुठं मिळेल ते सांगणारी हीच संस्था. तिथलं सुनामी केंद्र २००७ पासून चालू आहे. मकरानला भूकंप झाला तर लाट आपल्यापर्यंत यायला काही तास लागतात. तेवढ्या वेळात माणसं वर जाऊ शकतात, पण वाट आधी ठरलेली हवी.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. होडी वाचवायला जेटीकडं धावू नका. आणि खोल दर्यात असाल तर बंदरात परतू नका. खोल पाण्यात लाट जाणवतही नाही, ती उसळते किनाऱ्याला. सुरक्षित असल्याचा निरोप आल्यावरच या.

ओडिशाच्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांनी नकाशे, वाटा, फलक आणि सराव हे सगळं केलं. २०२० मध्ये युनेस्कोकडून त्यांना सुनामीसाठी सज्ज गाव म्हणून मान्यता मिळाली. तीही किनाऱ्यावरचीच गावं, आपल्यासारखी.

नकाशा ऑफिसात भिंतीवर लावलाय. येऊन आपलं घर शोधा आणि टिकली लावा. बायकांनी जरूर यावं. सकाळी होड्या दर्यात असतात तेव्हा घरात कोण कोण असतं, हे त्यांनाच नीट माहीत.

आपले,
संस्थेचे सचिव आणि कार्यकारी मंडळ