खटका तारेसाठी असतो

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका घरात हिवाळाभर सकाळी खटका पडत होता. गिझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री एकाच वेळी सुरू. तिन्हींचे मिळून पाच हजार वॉट, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ २२ अँपिअर. त्या लाइनवरचा एमसीबी, म्हणजे तो खटका, १६ अँपिअरचा. वैतागून त्यांनी वायरमनला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत १६ चा काढून ३२ चा बसवला. खटका पडायचा थांबला आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मला हे कळलं तेव्हा मी वर गेलो आणि तो एमसीबी परत बदलायचं कबूल करून घेतल्याशिवाय खाली आलो नाही.

कारण भिंतीतली तार तीच होती, अडीच एमएमची. कॉन्ड्युटमध्ये बंदिस्त असलेल्या अशा तारेने साधारण २० अँपिअर वाहावेत. खटका गिझर वाचवायला असतो अशी आपली समजूत असते. खरं तर तो भिंतीतली ती तार वाचवायला असतो. जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात दाखवून दिलं की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह १६ वरून ३२ वर गेला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. त्यात एमसीबीच्या मानकानुसार त्याच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी त्याने पडायचं नसतं. म्हणजे ३२ चा खटका ३६ अँपिअरलाही तासभर गप्प बसणार. तारेवरचं साधं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. ते एका दिवसात पेटत नाही. महिनोन्महिने भाजत राहतं, कडक होतं, तडकतं, आणि मग एखाद्या दिवशी दोन तारा एकमेकींना भिडतात.

जुन्या घरांत हीच चूक किटकॅट फ्यूजमध्ये व्हायची. चिनी मातीचा तो पांढरा ठोकळा ओढून काढायचा आणि वितळलेल्या बारीक तारेच्या जागी, परत उडू नये म्हणून, जाड तांब्याचे दोन-तीन पदर पिळून बसवायचे. सर्किटमधली सर्वांत कमकुवत जागा आपण मुद्दाम ठेवलेली असते. ती पक्की केली की पुढची कमकुवत जागा कुठे आहे, हे आगच शोधून काढते.

एमसीबीच्या इवल्याशा डबीत दोन वेगळे पहारेकरी असतात. पहिला संथ: दोन धातूंची जोडपट्टी. जास्त प्रवाहाने ती तापते, दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि खटका पाडते. दुसरा चपळ: तारेचं वेटोळं. शॉर्ट सर्किट झालं की प्रवाह क्षणात हजारो अँपिअरकडे झेपावतो, वेटोळ्याचं चुंबकत्व उसळतं आणि संपर्कबिंदू उघडतात. पण बिंदू उघडले म्हणून प्रवाह थांबत नाही; मधल्या हवेतून ठिणगीची कमान चालूच राहते. ही कमान धातूच्या पातळ पत्र्यांच्या चळतीत ढकलली जाते. तिथे तिचे तुकडे होतात, ती थंडावते, आणि तिच्यात पडणारा व्होल्टेज इतका वाढतो की प्रवाहच मागे रेटला जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे अर्धी लाट १० मिलिसेकंदांची. चांगला एमसीबी ही लाट शिखरावर पोचायच्या आतच तिची मान मुरगाळतो. प्रवाह मर्यादित करणं म्हणतात ते हेच. कारखान्यांतल्या एचआरसी फ्यूजमध्ये तेच काम क्वार्ट्झची वाळू करते: आतली पट्टी वितळते, कमानीची उष्णता वाळू शोषून घेते आणि स्वतः काचेसारखी थिजते. मला हा सगळा प्रकार फार देखणा वाटतो.

तरीही एक रोग एमसीबीला दिसतच नाही. ढिला सांधा. स्क्रू सैल झालेल्या सॉकेटमध्ये अर्धा ओहम रोध तयार झाला आणि त्यातून १५ अँपिअर वाहिले, तर त्या एका टिंबावर ११२ वॉट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो! प्रवाह मात्र मर्यादेतच असल्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाची दुर्घटना अशाच एका सांध्यापाशी सुरू झाली. १३ जून १९९७ ला सकाळी सातच्या सुमारास तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरने एकदा पेट घेतला होता. दुरुस्ती झाली, पण केबलचं टोक क्रिम्पिंग यंत्राऐवजी डाय आणि हातोडीने ठोकून बसवलं गेलं. त्याच सांध्यातून पुन्हा प्रवाह वाहू लागला. पाचच्या सुमारास केबल निसटली, ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरवर टेकली, कमानीने पत्र्याला भोक पाडलं आणि आतलं तेल पेटलं. दोष ओळखून वीज आपोआप तोडणारे रिले तिथे नव्हतेच. ब्रेकर हाताने चालवायचे होते. शेवटी दूरच्या ग्रिड उपकेंद्रातला फीडर ५ वाजून ५ मिनिटांनी ट्रिप झाला. वर 'बॉर्डर' चालू होता. ५९ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून, कारण बाहेर पडायच्या वाटाही अडलेल्या होत्या. वाटांच्या त्या गुन्ह्याबद्दल खूप लिहिलं गेलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण नसलेल्या त्या रिलेची आठवण मला कुठलीही वीजपेटी उघडताना होते.

विजेच्या गळतीसाठी वेगळं उपकरण आहे, आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत आला का, एवढंच ते मोजतं. ३० मिलिअँपिअरचा माणसाच्या जिवासाठी, ३०० चा आगीपासून इमारतीसाठी. तीनशेच का? २३० व्होल्टवर त्याचे ६९ वॉट होतात, आणि ओलसर भिंतीतली धूळ-लाकूड पेटवायला तेवढे पुरतात. ठिणगीची थरथर ओळखणारी उपकरणंही आहेत. अमेरिकेच्या वीजसंहितेने नव्या घरांच्या शयनगृहांसाठी ती २००२ पासून सक्तीची केली. आपल्याकडच्या घरांत ती अजून क्वचितच दिसतात, म्हणून ढिल्या सांध्यासाठी आपल्यापाशी उरतो तो पेचकस आणि हात: प्लग काढल्यावर पिना चटका देण्याइतक्या तापलेल्या आहेत का, बोर्डाला जळका वास येतो का.

चौथ्या मजल्यावर अखेर गिझरसाठी चार एमएमची वेगळी लाइन ओढली आणि जुन्या लाइनवर १६ चा एमसीबी परत आला. काम चालू असताना वायरमनने गिझरचा जुना सॉकेट उघडून माझ्या हातात दिला. एका छिद्राभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं.