तिघांची पकड

ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याला दोघे-तिघे मिळून पाडतात. आपल्या कबड्डीतली पकडच म्हणा ना! २४ मार्च २०१४ रोजी मेलबर्नला न्यूकॅसल नाइट्सच्या ॲलेक्स मॅकिननला तिघांनी असेच धरले. पाय उचलले गेले, डोके खाली आले, मान मोडली. २२ वर्षांच्या पोराच्या नशिबी चाकाची खुर्ची आली.

आरोप ठेवला गेला तो एकट्या जॉर्डन मॅक्लीनवर. त्याला ७ सामन्यांची बंदी झाली. त्याच्या वकिलाचे म्हणणे, मॅकिननने डोके आत घेतले, तेही कारण झाले. मला आमची बँक आठवली. तीन सह्यांच्या कागदात घोटाळा निघाला, की प्रत्येक जण दुसऱ्याच्या सहीकडे बोट दाखवी. क्वचित खातेदाराकडेही.