प्लग फेकण्यापूर्वी जरा निरखून पाहा

मोटारीचे सर्व्हिसिंग झाले की हाती पडणाऱ्या बिलात ‘स्पार्क प्लग – ४ नग’ अशी एक ओळ अधूनमधून दिसते. रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी मोठी नसते, त्यामुळे ती ओळ वाचून सोडून दिली जाते. काढलेले जुने प्लग मात्र मालकाच्या नजरेस पडत नाहीत. ते गॅरेजच्या कोपऱ्यातील डब्यात जातात आणि तेथेच विषय संपतो. वास्तविक इंजिनाच्या पोटात, प्रत्यक्ष आगीच्या सान्निध्यात हजारो किलोमीटर राहून आलेला आणि सहज बाहेर काढून पाहता येणारा असा हा भाग असतो. आत काय चालले आहे, याची खूण त्याच्या टोकावर उमटलेली असते. ती न पाहता प्लग फेकणे म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल न वाचताच केराच्या टोपलीत टाकणे होय.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण पिस्टन दाबत वर येतो आणि तो अगदी वर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडते. (डिझेल इंजिनात हवाच इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेने इंधन पेट घेते. त्यामुळे तेथे स्पार्क प्लग नसतो.) बॅटरीचा विद्युतदाब अवघा १२ व्होल्ट. इग्निशन कॉइल तो पंधरा ते तीस हजार व्होल्टपर्यंत चढवते आणि तो प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडमधून उडी मारून बाजूच्या वाकवलेल्या इलेक्ट्रोडवर जातो. दोहोंमधील फट बहुतेक मोटारींत ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. जर्मनीतील बॉश कंपनीचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग सिद्ध केला, त्यानंतर या रचनेत मूलभूत बदल असा झालेलाच नाही. आपल्याकडे जुन्या मेकॅनिक मंडळींच्या तोंडी असलेला ‘मायकोचा प्लग’ हाही त्याच घराण्यातला. १९५१ साली स्थापन झालेल्या ‘मायको’चे नाव २००८ साली बदलून बॉश झाले.

या चिमुकल्या वस्तूवर पडणारा भार कल्पनेपेक्षा मोठा आहे. शहरातील गर्दीत मोटारीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला सरासरी १,५०० धरले, तर २०,००० किलोमीटर होण्यास ८०० तास लागतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. म्हणजे तेवढ्या अंतरात प्रत्येक प्लग तीन कोटी साठ लाख वेळा ठिणगी टाकतो. महामार्गावर दुप्पट-तिप्पट वेगाने धावणाऱ्या मोटारीत हाच आकडा बराच कमी भरतो. सिग्नलला उभी असलेली मोटार किलोमीटर मोजत नाही, प्लग मात्र झिजतच असतो.

झीज म्हणजे काय, तर इलेक्ट्रोडच्या धारदार कडा गोलावतात आणि फट रुंदावते. वीज टोकदार कडेवरून सहज उडी घेते, गोल कडेवरून नाही. मग तीच ठिणगी पाडण्यासाठी कॉइलला अधिक दाब द्यावा लागतो. वेळेवर न बदललेला प्लग कॉइललाही घेऊन बुडतो, तो असा. पुढे एखादी ठिणगी हुकू लागते. गाडी ‘मिसिंग’ करते, पिकअप जातो, सिग्नलला उभी असताना थरथरते.

‘चालते आहे ना, मग पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणण्याची सवय येथे महागात पडते. न पेटलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोहोचते आणि तेथे जळते. त्या उष्णतेने आतील मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी वितळू शकते. आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून हा भाग बसविणे सक्तीचे झाले. त्यात प्लॅटिनम गटातील मौल्यवान धातू असतात आणि त्याची किंमत प्लगच्या कितीतरी पट असते. डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागलेला असेल, तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तोच दिवा उघडझाप करू लागला तर ठिणगी जोरात हुकते आहे, कन्व्हर्टर धोक्यात आहे, असा अर्थ घ्यावा. वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी, हे उत्तम.

प्लगविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे तो ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ या शब्दांबाबत. हॉट प्लगची ठिणगी अधिक गरम असते असे अनेकांना वाटते. तसे काही नाही. टोकाची उष्णता इंजिनाच्या हेडकडे किती लवकर वाहून नेली जाते, एवढाच हा प्रश्न आहे. आतील पांढऱ्या चिनीमातीचे नाक लांब असेल तर उष्णता रेंगाळते, तो हॉट. नाक आखूड असेल तर ती चटकन निघून जाते, तो कोल्ड. टोकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. ते ८५० अंशांच्या फार पुढे गेले तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटू लागते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेला क्रमांक म्हणूनच महत्त्वाचा. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा मोठा तर प्लग कोल्ड, बॉशच्या क्रमांकात नेमके उलटे. ‘हा नाही, पण याच्यासारखाच दुसरा आहे’ असे दुकानदार म्हणाला तर तुलनेचा तक्ता दाखवायला सांगावे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मेकॅनिकला आधीच सांगावे, की जुने प्लग कोणत्या सिलिंडरमधून निघाले त्या क्रमाने ठेव. चारही प्लग कागदावर ओळीने मांडले, की पाहायची पहिली गोष्ट म्हणजे ते एकसारखे आहेत की नाहीत. चारही सारखेच काळे असतील, तर दोष सर्वांना समान असलेल्या गोष्टीत आहे. उदाहरणार्थ, एअर फिल्टर तुंबलेला आहे, ऑक्सिजन सेन्सर चुकीची माहिती देतो आहे किंवा गाडी फार थोड्या अंतरासाठी वापरली जाते आहे. तीन चांगले आणि एकच वेगळा असेल, तर दोष त्या एका सिलिंडरमध्ये शोधावा. निदान निम्मे येथेच होते.

मग रंग. टोकाच्या चिनीमातीवर फिकट तपकिरी किंवा राखाडी छटा असेल, तर इंजिन निरोगी आहे. कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे मिश्रणात इंधन जास्त किंवा प्लग पुरेसा तापतच नाही. ओला, चकचकीत काळा थर असेल तर वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल तर त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसावी. तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर चढते आहे. दोष व्हॉल्व्हच्या सीलचा किंवा पिस्टन रिंगांचा असतो आणि नव्या प्लगने तो झाकला जातो, बरा होत नाही. चिनीमाती पांढरीफटक होऊन तिच्यावर फोड आले असतील वा इलेक्ट्रोड वितळला असेल, तर मात्र गाडी तशीच चालवू नये. मिश्रणात इंधन कमी पडणे, कूलिंगमध्ये बिघाड, चुकीच्या क्रमांकाचा प्लग, यांपैकी काहीतरी तेथे घडते आहे.

दोन खुणा मात्र फसव्या आहेत. प्लगच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर, धातूच्या कडेलगत, तपकिरी वलय दिसते. आतला वायू गळतो आहे असे सांगून त्यावरून घाबरविले जाते. प्रत्यक्षात उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतील तेलाचे कण तेथे चिकटलेले असतात आणि त्यात काही बिघडलेले नसते. दुसरी खूण म्हणजे प्लग बसतो त्या खोबणीत साचलेले तेल. ते सिलिंडरमधून नव्हे, तर वरच्या टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपलेले असते. गॅस्केट बदलले की काम होते. त्यासाठी इंजिन उतरविण्याची गोष्ट कोणी काढली, तर दुसऱ्याचे मत घ्यावे.

घरापासून रेल्वे स्टेशन, स्टेशनपासून घर, एवढीच दीड-दोन किलोमीटरची रपेट ज्या मोटारींच्या नशिबी असते, त्यांच्या प्लगवर काजळी चढते ती टोक ४५० अंशांपर्यंत पोहोचतच नाही म्हणून. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालविली, तर बरीचशी काजळी फुकटात जळून जाते.

प्लग तारेच्या ब्रशने घासून पुन्हा बसविण्याची पद्धत आता सोडावी. ब्रशचे धातूचे कण चिनीमातीवर उमटतात, त्या रेघांवरून वीज परस्पर निसटते आणि स्वच्छ दिसणारा प्लग हुकू लागतो. इरिडियमच्या प्लगला तर ब्रश लावूच नये. त्याचे मधले टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असते आणि फिलर गेज घुसवून फट जुळविण्याच्या प्रयत्नातही ते मोडते. या धातूचा वितळणबिंदू सुमारे २,४४६ अंश, साध्या प्लगमधील निकेलचा १,४५५. साधा प्लग २० ते ४० हजार किलोमीटर चालतो, इरिडियमचा अनेक गाड्यांत ८० हजारांच्याही पुढे जातो, त्याचे कारण हेच. जास्तीचे पैसे मोजायचे ते या आयुष्यासाठी. त्याने गाडीची ताकद वाढते, या जाहिरातीच्या भाषेसाठी नव्हे.

सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींनी थोडी अधिक काळजी घ्यावी. वायूचे मिश्रण पेटविण्यास जास्त विद्युतदाब लागतो. पेट्रोलवर सुरळीत धावणारी गाडी सीएनजीवर टाकताच मिसिंग करू लागली, तर वायूच्या किटला दोष देण्यापूर्वी प्लग आणि त्यांची फट तपासावी. पुस्तिकेत सीएनजीसाठी वेगळी फट दिली असेल, तर तीच ठेवावी.

घरी प्लग बदलण्याची हौस असणाऱ्यांनी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. आजकालचे हेड ॲल्युमिनियमचे असते. गरम असताना जोर लावला तर आटे निघून येतात. खोबणीतील धूळ आधी हवेने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लग पाना न लावता बोटांनीच फिरवत खाली न्यावा. सुरुवातीलाच अडला तर आटे तिरके लागले आहेत, असे समजून मागे घ्यावा. वॉशर असलेला नवा प्लग बोटांनी घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश वळसा पुरतो. तोच वॉशर आधी दाबला गेलेला असेल, म्हणजे जुनाच प्लग परत बसवीत असाल, तर घड्याळातील काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जाईल एवढेच फिरवावे. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला त्याहूनही थोडे कमी.