जुनी टूरिंग बाईक घेताय? जास्तीच्या सामानाचे पैसे देण्याआधी हे वाचा

सोयाबीनचे पैसे हातात आले, दिवाळी उरकली, की गावोगावच्या तरुणांच्या मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती फिरायला लागतात. नवी टूरिंग बाईक दोन लाखांच्या पुढे जाते, म्हणून जुनी हिमालयन, डॉमिनार किंवा बुलेट बघितली जाते. रोज शेतावर, बाजाराला न्यायची आणि वर्षातून एकदा आंबोली घाट उतरून गोव्याला किंवा तुळजापूर-पंढरपूर करायचं, असा हिशेब असतो.

जाहिरातीत एक ओळ हमखास असते : ‘फुल लोडेड गाडी, पंचवीस हजाराची ॲक्सेसरी सोबत.’ फोटोत पेट्या, फॉग लाइट, क्रॅश गार्ड, मोठी काच, सगळं झळकत असतं. शेजारच्या तालुक्यात त्याच वर्षाची साधी गाडी पंधरा हजारांनी स्वस्त असते, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. इथेच बरेच जण फसतात.

एक प्रश्न आधी विचारावा : ही वस्तू नंतर बसवता येते का? नंतर बाजारातून आणून बसवता येत असेल, तर तिच्यासाठी जादा पैसे मोजायची घाई नको. जी वस्तू नंतर बसतच नाही किंवा बसवायला परवडत नाही, तिचे पैसे मात्र खुशाल द्यावेत.

नंतर न बसणारी गोष्ट : एबीएस

जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा म्हणजे एबीएस. पहिल्या पावसात डांबरावर तेल-माती एक होते, ऊस वाहतुकीच्या रस्त्यावर चिखल असतो, तिथे या यंत्रणेची खरी किंमत कळते. 125 सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते नव्या मॉडेलसाठी 1 एप्रिल 2018 पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलसाठी 1 एप्रिल 2019 पासून. म्हणजे त्याआधीच्या गाडीत ते असेलच असं नाही.

चाकणच्या कारखान्यात बनणारी डॉमिनार 400 डिसेंबर 2016 मध्ये बाजारात आली, तेव्हा ती एबीएससह आणि एबीएसशिवाय अशा दोन्ही प्रकारांत मिळत होती. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. हिमालयन 2016 मध्ये आली, पण तिला एबीएस मिळालं ते 2018 मध्ये. त्यामुळे नुसतं मॉडेलचं नाव ऐकून भाव ठरवू नये.

ओळखायचं कसं? डिस्कच्या आतल्या बाजूला दात्यांची किंवा भोकांची एक बारीक चकती असते आणि तिच्याजवळ वायर आलेला सेन्सर असतो. पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांवर बघावं. चावी फिरवल्यावर मीटरवर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पळाली की विझला पाहिजे. दिवा लागूनच राहिला तर बिघाड आहे. चावी फिरवूनही दिवा लागलाच नाही, तर बिघाड लपवायला तो बंद केलेला असू शकतो. साध्या गाडीला नंतर एबीएस बसवणं व्यवहारात जमत नाही. म्हणून दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली, तर पेट्या लावलेल्या बिनएबीएस गाडीपेक्षा एबीएसवाली साधी गाडी घ्यावी.

चाकं आणि डबल स्टँड

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे चाक. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर रस्त्यातच गट्टू मारून, हवा भरून पुढे जाता येतं. ट्यूबवाल्या गाडीचं चाक खोलावं लागतं. डॉमिनारची अलॉय चाकं ट्यूबलेस आहेत. जुन्या 411 सीसी हिमालयनला तारांची चाकं आणि ट्यूब येते. तारांचं चाक खड्ड्यात जास्त तग धरतं, हेही खरं. ज्याचा रस्ता खडी-मातीचा त्याला तारा बऱ्या, ज्याचा प्रवास हायवेचा त्याला ट्यूबलेस.

टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ‘2319’ म्हणजे 2019 सालातला 23 वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी इतका जुना टायर कडक झालेला असतो, त्याला बारीक चिरा पडतात आणि ओल्या रस्त्यावर तो घसरतो. नुकतेच बदललेले दोन चांगले टायर हे कुठल्याही पेटीपेक्षा मोलाचं ‘एक्स्ट्रा’ आहे.

डबल स्टँड असेल तर उत्तमच. लांबच्या गाडीची चेन साधारण 500 किलोमीटरला साफ करून तेल द्यावं लागतं. मागचं चाक अधांतरी फिरलं की हे काम घरच्या अंगणात दहा मिनिटांत होतं. जाहिरातीत त्याचं नाव कुणी घेत नाही, पण रोज उपयोगी पडतं तेच.

कामाचं सामान, पण भाव बेतानं

काही वस्तू खरंच उपयोगाच्या आहेत. त्या नंतरही मिळतात, म्हणून त्यांना नव्याच्या अर्ध्यापेक्षा जास्त भाव धरू नये.

इंजिनखालची प्लेट : बांधावरच्या, खडीच्या रस्त्याला दगड थेट इंजिनवर लागतो. प्लेट असेल तर तेल गळण्याचा मोठा खर्च वाचतो. खालून वाकून बघावं, प्लेट जास्त चेपलेली असेल तर इंजिनलाही मार बसला असण्याची शक्यता आहे.

हँडगार्ड : गाडी जागेवर आडवी झाली तरी क्लच-ब्रेकचा लिव्हर तुटत नाही. नुसतं प्लास्टिक असेल तर ते वारा आणि पाऊस अडवतं, लिव्हर वाचवत नाही. आत लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा दांडा आहे का ते बघावं.

सॅडल स्टे आणि कॅरियर : बॅग चाकात किंवा सायलेन्सरवर जाऊ नये म्हणून बाजूची नळी लागते. वेल्डिंगला चिरा नाहीत आणि नट मूळ जागीच आहेत, याची खात्री करावी. फ्रेमला भोक पाडून किंवा वेल्डिंग मारून बसवलेलं काहीही असेल तर ती गाडी सोडून द्यावी.

मागची पाठ टेकायची गादी : मागे आई किंवा बायको बसणार असेल तर ही चैन नाही, गरज आहे.

पुढची उंच काच : ताशी 40-50 च्या गावरस्त्यावर तिचा फारसा फायदा नाही. हायवेवर दिवसभर चालवताना मात्र छातीवरचा वारा कमी होतो. ओरखडे पडलेली काच रात्री समोरच्या दिव्यात चमकते, ती बदलावीच लागते.

यातल्या काही वस्तू कंपनीकडूनच आलेल्या असतात. बजाजने 2021 मध्ये डॉमिनार 400 ला उंच व्हायझर, हँडगार्ड, इंजिनखालची प्लेट, कॅरियर, मागची पाठ आणि यूएसबी चार्जिंग कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. त्या गाडीचा मालक ‘हे सगळं मी बसवलंय’ म्हणून वेगळे पैसे मागत असेल, तर देऊ नयेत.

क्रॅश गार्ड काय सांगतो?

क्रॅश गार्ड उपयोगाचा असतोच, पण जुनी गाडी घेताना तो साक्षीदारही असतो. त्यावर खोल घासल्याच्या खुणा असतील तर गाडी वेगात पडली आहे. गाडी जुनी आणि गार्ड मात्र नवा कोरा असेल, तर आधीचा का काढला, हे विचारावं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघावं. जिथे ते अडतं तिथलं लोखंड चेपलेलं असेल तर पुढून मोठी धडक झालेली असू शकते. सपाट रस्त्यावर हात हलका सोडला आणि गाडी एका बाजूला ओढत असेल, तर किती का सामान फुकट मिळेना, घेऊ नये.

फुकट दिलं तरी नको

फटाके फोडणारा सायलेन्सर यात पहिला. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोलरखाली चिरडलेत. मूळ सायलेन्सर मालकाच्या घरी पडून असेल तर तो मागून घ्यावा, नाहीतर नव्याची किंमत भावातून कापावी.

वेगवेगळ्या सुरांचा किंवा कर्कश हॉर्न नियमात बसत नाही. साडी गार्ड काढून ‘लूक’ केलेला असेल तर तोही परत बसवावा लागेल, कारण मागच्या माणसाचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून ते संरक्षण नियमानेच सक्तीचं आहे. गाडीचा रंग बदलला असेल तर नवा रंग आरसी बुकावर चढलेला हवा. फॅन्सी नंबरप्लेट काढून एचएसआरपी लावावी लागते.

फॉग लाइटचं प्रकरण जरा वेगळं आहे. 40 वॉटचे दोन दिवे म्हणजे 80 वॉट. 12 व्होल्टच्या गाडीत ते जवळपास पावणेसात अँपिअर ओढतात. वेगळा रिले आणि फ्यूज न लावता मूळ वायर कापून जोड दिला असेल, तर वायर तापते, बॅटरी उतरते, कधी वायरिंगच जळतं. सीट उघडून बघावं. चिकटपट्टी गुंडाळलेले जोड दिसले तर पूर्ण वायरिंग बदलायचा खर्च धरूनच भाव करावा. दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर येत असतील तर ते खाली वळवून घ्यावेत.

मागची मोठी पेटी सोयीची असते. पण वजन मागच्या चाकाच्याही मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि घाटात गाडी डुलते. जड सामान खाली, बाजूच्या बॅगांत ठेवावं. पेटीत रेनकोट आणि हलके कपडे पुरे.

‘सोबत हेल्मेट फ्री’ हेही टाळावं. आतला थर एकदाच मार झेलण्यासाठी असतो. जुनं हेल्मेट आधी आपटलंय की नाही, हे वरून कळत नाही. आयएसआय मार्क असलेलं नवंच घ्यावं.

कागदावर नसलेलं सामान

बाहेरून बसवलेलं सामान विमा पॉलिसीत दाखवलेलं नसेल, तर चोरीत किंवा अपघातात त्याची भरपाई सहसा मिळत नाही. मालकाकडे त्या वस्तूंची बिलं असतील तर मागून घ्यावीत आणि पॉलिसी नावावर करतानाच त्या नोंदवाव्यात. खरेदीनंतर विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो.

फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या, कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं ना हरकत पत्र, गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म 28, हे हातात असल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. चलन थकलंय का, हे गाडीच्या नंबरवरून मोबाइलवरच बघता येतं.

भाव करताना

समजा, साधी गाडी 1 लाख 5 हजारांना आहे आणि ‘फुल लोडेड’ 1 लाख 20 हजारांना. आधी दोन्ही गाड्यांना एकाच मापानं मोजावं : एबीएस, टायर, चेन-सॉकेट, सर्व्हिसची बिलं, दुसरी चावी. यात साधी गाडी सरस निघाली तर प्रश्न मिटला. ‘लोडेड’ गाडी सरस निघाली तर कामाच्या वस्तू अर्ध्या भावानं जोडाव्यात आणि सायलेन्सर, हॉर्न, कापलेलं वायरिंग दुरुस्त करायचा खर्च वजा करावा. पंधरा हजारांतले बरेचसे तिथेच गळून पडतात.

साध्या गाडीतून वाचलेल्या पैशांचं काय करायचं? आधी टायर, ब्रेक पॅड, चेन-सॉकेट आणि बॅटरी बघून घ्यावी. मग हेल्मेट, तेही दोन. पहिली लांबची फेरी झाल्यावर नेमकं काय अडलं ते कळतंच, तेव्हा तेवढीच वस्तू आणावी.

बघायला जाताना आपला नेहमीचा मेकॅनिक सोबत न्यावा आणि इंजिन थंड असतानाच गाडी चालू करायला सांगावी. मालकानं ‘आत्ताच फिरवून आणली’ म्हटलं तर चहा घेऊन तासभर थांबावं. इसाराची घाई मालकाला असते, घेणाऱ्याला नसावी.