विश्लेषण : लांब हँडलच्या दाराला स्मार्ट लॉक कसे बसवायचे?

नव्या किंवा नूतनीकरण केलेल्या फ्लॅटच्या मुख्य दारावर हल्ली दोन गोष्टी हव्याच असतात. एक म्हणजे दीड-दोन फुटांचे उभे पितळी किंवा स्टीलचे हँडल आणि दुसरी म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा आकडे दाबून उघडणारे स्मार्ट लॉक. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, पण एकाच दारावर आली की जागेवरून भांडण सुरू होते. कुठे लॉकची मूठ हँडलवर आपटते, कुठे दोन्हींच्या मध्ये बोटे चेपतात, तर कुठे लॉक बसवायला आलेला तंत्रज्ञ दार पाहूनच परत जातो. लॉक बदलता येते, हँडलही बदलता येते. दारात पाडलेले भोक मात्र बुजवले तरी दिसत राहते. म्हणूनच लॉक पसंत करण्याआधी दाराचे माप घेणे महत्त्वाचे ठरते.

अडचण नेमकी कुठे येते?

दाराच्या कडेपासून लॉकच्या मध्यरेषेपर्यंतच्या अंतराला कारागीर ‘बॅकसेट’ म्हणतात. स्मार्ट लॉकमध्ये ते बऱ्याचदा ६० मिमी असते. लॉकचा बाहेरचा भाग ७० मिमी रुंद धरला, तर तो कडेपासून २५ ते ९५ मिमीपर्यंतची जागा व्यापतो. त्याला खाली दाबायची आडवी मूठ असेल तर ती मध्यरेषेपासून आणखी सव्वाशे मिमी आत जाते. म्हणजे मुठीचे टोक कडेपासून सुमारे १८५ मिमीवर पोहोचते. उभे हँडल मात्र बहुतेक दारांवर कडेपासून ८० ते १०० मिमीवरच बसवलेले असते. दोघांनाही एकच जागा हवी असते, ती अशी.

वर-खाली सरकायलाही फारसा वाव नसतो. लॉकची सोयीची उंची जमिनीपासून साधारण ९०० ते ११०० मिमी. दोन फुटी, म्हणजे ६०० मिमीचे हँडल १००० मिमी उंचीवर मध्य धरून लावले, तर ते ७०० पासून १३०० मिमीपर्यंत पसरते. लॉकची सगळी जागा त्यातच येते. मूठ उलट दिशेला फिरवूनही सुटका नाही. अनेक मॉडेलमध्ये ती डावी-उजवी करता येते, पण ती दाराच्या बाजूनुसार. मूठ नेहमी बिजागरीकडेच वळलेली असावी लागते. चौकटीकडे वळवली तर ती चौकटीवर आणि भिंतीवर जाते.

दार आत उघडते की बाहेर?

खरेदीआधीचा हा पहिला प्रश्न. आपल्याकडे फ्लॅटचे मुख्य लाकडी दार सहसा आत उघडते आणि त्याच्या बाहेर जाळीचे किंवा ग्रिलचे सेफ्टी डोअर असते. आत उघडणाऱ्या दाराला बाहेरून ढकलायचे असते. म्हणजे बाहेरच्या लांब हँडलचे खरे काम एकच, घराबाहेर पडताना दार ओढून घेणे. बाकी ती शोभा. हे लक्षात आले की हँडल थोडे सरकवायचे का, लहान करायचे का, की काढूनच टाकायचे, हा निर्णय सोपा होतो.

बंगल्याचे किंवा दुकानाचे दार बाहेर उघडत असेल तर गणित बदलते. तिथे हँडल रोज ओढले जाते आणि ते भक्कम, हाताला सोयीचे असणे आवश्यक ठरते. ‘पुश-पुल’ प्रकारचे लॉक घेताना तर दाराची दिशा दुकानदाराला आधी सांगावीच लागते. आत उघडणाऱ्या दारावर बाहेरून ढकलले की उघडणारी रचना हवी, बाहेर उघडणाऱ्या दारावर ओढली की उघडणारी. दिशा चुकली तर उघडताना दार एकीकडे आणि हात दुसरीकडे, अशी रोजची गंमत होते.

पर्याय कोणते आहेत?

पहिला आणि सर्वात कमी तोडफोडीचा पर्याय म्हणजे मूठ नसलेले, दाराच्या पृष्ठभागावर बसणारे लॉक. बाहेर फक्त आकड्यांची पट्टी किंवा ठसा घेणारा छोटा भाग राहतो. मोटर आणि बोल्ट असलेली पेटी दाराच्या आतल्या अंगाला बसते. दार ओढण्याचे काम हँडलचे, बंद ठेवण्याचे काम लॉकचे, अशी ही वाटणी आहे. दारावर आधीपासून नाइट लॅच असेल तर बऱ्याचदा त्याच जागेवर हे लॉक बसते आणि जुने गोल भोक नव्या लॉकखाली झाकले जाते. मात्र लांब हँडल असेल तर हे लॉक हँडलच्या वरच्या टोकाच्या वर लावावे लागते. दोन फुटी हँडलच्या बाबतीत ती उंची १३०० मिमीच्या पुढे जाते. शाळेतून एकटे घरी येणारे मूल किंवा चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती तिथपर्यंत पोहोचेल का, हे आधी पाहावे.

दुसरा पर्याय हँडल सरकवण्याचा. मुठीचे टोक १८५ मिमीवर, त्यापुढे बोटांसाठी किमान ४० मिमी मोकळी जागा आणि हँडलची अर्धी जाडी, असा हिशेब केला तर हँडलचा मध्य कडेपासून २४० मिमीच्या आसपास न्यावा लागतो. ९०० मिमी रुंद दारावर हँडल ९० वरून २४० मिमीवर नेले तर दार ओढायला सुमारे २३ टक्के जास्त जोर लागतो, कारण ते बिजागरीच्या जवळ जाते. आत उघडणाऱ्या दाराला हे जाणवणारही नाही. बाहेर उघडणाऱ्या जड सागवानी दाराला जाणवेल. जुनी भोके हा खरा खर्च. व्हिनिअर किंवा लॅमिनेटच्या दारावर ती लपत नाहीत. त्यामुळे हँडल अजून लागलेले नसेल तरच हा पर्याय सर्वांत चांगला.

तिसरा पर्याय हँडल काढून टाकण्याचा. पुश-पुल लॉकला स्वतःचीच उभी पकड असते. ती दीड फुटी हँडलइतकी रुबाबदार दिसत नसली तरी तिचे काम करते. अशा लॉकचा बाहेरचा भाग लांबोडका असल्याने हँडलचे एखादे जुने भोक त्याखाली झाकले जाते, पण लांब हँडलच्या दोन्ही टोकांची भोके झाकली जातील असे गृहीत धरू नये. लांब हँडलमध्येच ठसा घेणारा भाग बसवलेली लॉकही मिळतात. ती मोठ्या, जाड दारांसाठी असतात.

चौथा पर्याय बाहेरून काहीही न बदलण्याचा. आतल्या बाजूने जुन्या लॉकची किल्ली किंवा फिरकी फिरवणारी मोटर लावली जाते. अमेरिकेत ‘ऑगस्ट’ आणि युरोपात ‘नुकी’ ही उपकरणे याच तत्त्वावर चालतात. हँडलला हात लागत नाही आणि भाड्याच्या घरातही हे चालते. पण आपल्या दारावरचे जुने लॉक त्या मोटरशी जुळणारे आहे का, हे तपासावे लागते. मोटर आतून किल्लीवर चालणारी असेल तर आत किल्ली लावलेली असतानाही बाहेरून दुसरी किल्ली चालणारे सिलिंडर हवे. नाहीतर मोटर बंद पडल्यावर हातात किल्ली असूनही माणूस बाहेर उभा राहतो.

दाराच्या आत काय दडलेले असते?

मॉर्टाइज प्रकारचे लॉक दाराच्या जाडीत खाच पाडून बसवतात. इथे दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली जाडी. अनेक स्मार्ट लॉकना किमान ३५ मिमीच्या आसपास जाडीचे दार लागते, काहींना त्याहून जास्त. खाच पाडल्यावर पातळ दारात दोन्ही बाजूंना मोजके मिलिमीटर लाकूड उरते. आत पोकळ गाभा असलेल्या फ्लश डोअरमध्ये लॉकसाठीचे भरीव लाकूड ठरावीक ठिकाणीच असते. त्याबाहेर खाच पाडली तर लॉकला पकडच मिळत नाही.

दुसरी गोष्ट हँडलच्या बोल्टची. ते दारातून आरपार जातात. गंमत म्हणजे या बाबतीत लांब हँडल सोयीचे ठरते, कारण त्याचे बोल्ट लॉकच्या खाचेच्या बरेच वर आणि खाली असतात. एक फुटी हँडलचे बोल्ट मात्र साधारण लॉकच्या खाचेच्या टोकांपाशीच येतात. बाहेरून सगळे नीट दिसत असते आणि ड्रिल आत गेल्यावर बोल्ट आडवा येतो.

दारात जुने मॉर्टाइज लॉक असेल तर तीच खाच वापरता येईल का, हेही मोजूनच ठरते. आपल्याकडे या लॉकमध्ये मुठीच्या आणि किल्लीच्या भोकांच्या मध्यांमधले अंतर बऱ्याचदा ८५ मिमी असते. नव्या लॉकची मापे वेगळी असतील तर खाच वाढवावी लागते.

सेफ्टी डोअर आणि पावसाळा

सेफ्टी डोअर आणि मुख्य दार यांच्यातली जागा अनेक घरांत जेमतेम असते. लांब हँडल दारापासून ५० ते ७० मिमी पुढे येते. सेफ्टी डोअरची कडी किंवा त्याचे कुलूप नेमके स्मार्ट लॉकसमोर आले तर जाळीचे दार लागतच नाही. दोन्ही दारे बंद करून मधले अंतर टेपने मोजावे.

मुंबई-कोकणात त्याहून मोठा प्रश्न पावसाळ्याचा. लाकडी दार ओल धरून फुगते. मग आपण नकळत हँडल जोरात ओढून धरतो आणि मगच किल्ली फिरवतो. माणूस हे जमवून घेतो, मोटर घेत नाही. बोल्ट चौकटीतल्या भोकासमोर आला नाही की ती अडते, पुन्हा पुन्हा जोर लावते आणि बॅटरी लवकर संपते. कधी दार बंद झाल्यासारखे दिसते, पण बोल्ट पूर्ण बाहेर आलेला नसतो. यासाठी साधी चाचणी आहे. दार एका बोटाने लोटून बंद करावे आणि किल्ली फिरवून पाहावी. हँडल ओढल्याशिवाय किल्ली फिरत नसेल तर आधी सुताराला बोलावून बिजागऱ्या आणि चौकट नीट करून घ्यावी. स्मार्ट लॉक त्यानंतर.

काचेच्या दाराचे काय?

दुकाने, दवाखाने आणि कार्यालयांत १२ मिमी काचेचे दार आणि त्यावर माणसाच्या उंचीएवढे स्टीलचे हँडल दिसते. ही काच टफन्ड असते. ती भट्टीतून निघाल्यावर तिला भोक पाडता येत नाही. पाडायला गेले तर पूर्ण काच चुरा होऊन पडते. त्यामुळे काचेला चिमट्यासारखे पकडणारे खास लॉक किंवा चौकटीच्या वरच्या बाजूला बसणारे विद्युतचुंबकीय लॉक, हेच मार्ग उरतात. ६०० पौंडांचे, म्हणजे सुमारे २७० किलो ओढ सहन करणारे चुंबकीय लॉक सर्रास वापरले जाते. वीज गेली की ते उघडते. आगीच्या वेळी माणसे बाहेर पडण्यासाठी हे योग्यच, पण रात्री दुकान बंद करताना वेगळे कुलूप किंवा शटर लागतेच.

सुरक्षेसाठी काय तपासावे?

घरातून बाहेर पडायला आकडे, ठसा किंवा फोन लागता कामा नये. आतली फिरकी किंवा मूठ हाताने फिरवली की अंधारातही दार उघडले पाहिजे. आजी-आजोबा किंवा लहान मुले घरात असतील तर त्यांच्याकडून हे करवून पाहावे. हँडल काढल्यावर आतल्या बाजूला पकडायला काही उरते का, हेही पाहावे.

बहुतेक लॉक चार किंवा आठ पेन्सिल सेलवर चालतात आणि सेल संपत आले की आवाजाने किंवा दिव्याने सूचना देतात. पूर्ण संपल्यास बाहेरून पॉवर बँक किंवा ९ व्होल्टची बॅटरी लावण्याची सोय अनेक मॉडेलमध्ये असते. ती नेमकी कुठे आहे, हे घरातल्या सर्वांना माहीत हवे. सोबत मिळालेली किल्ली घरातच ठेवली तर तिचा उपयोग शून्य. ती शेजारी किंवा जवळच्या नातेवाइकांकडे असावी. दार आपोआप बंद होण्याची सोय सुरू असेल तर कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर गेलेला माणूस बाहेरच राहतो. त्यामुळे सर्वांच्या बोटांचे ठसे पहिल्याच दिवशी नोंदवावेत.

खरेदीआधी कोणती मापे घ्यावीत?

दाराची जाडी, कडेपासून हँडलच्या मध्यापर्यंतचे अंतर, जमिनीपासून हँडलच्या दोन्ही टोकांची उंची, हँडल दारापासून किती पुढे येते, सेफ्टी डोअरपर्यंतची मोकळी जागा आणि जुन्या लॉकचा बॅकसेट, एवढी सहा मापे कागदावर लिहावीत. दार कोणत्या दिशेला उघडते तेही लिहावे. बाहेरून, आतून आणि कडेने असे तीन फोटो काढून विक्रेत्याला पाठवावेत आणि ‘हँडल न काढता बसेल का’ या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. लॉकसोबत येणारा कागदी साचा दारावर चिकटवून पाहिल्याशिवाय ड्रिल सुरू करू देऊ नये. घराचे काम सुरू असेल तर क्रम आणखी सोपा आहे. आधी लॉक ठरवावे, मग हँडल. सुतार सहसा उलटे करतो, कारण हँडल आधी हातात येते. त्याला त्या दिवशी थांबवले तर दार एकदाच कापावे लागते.