काका, येताय ना?

सकाळचे पावणेनऊ. साडेनऊला शिवाजीनगरला एक इंटरव्ह्यू घ्यायचाय आणि मी बाथरूममध्ये अडकलेली! पावसाने फुगलेलं दार काही केल्या उघडेना. शेवटी कडी धरून जिवाच्या आकांताने ओढलं. दार उघडलं, पण चौकटीच्या पायाशी एक ढलपा निखळून फरशीवर पडला. आतलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं!

कोथरूडमधला आमचा फ्लॅट रीसेलचा. बिल्डिंग जुनी, हप्ते नवे. ओळखीतून एक इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टर बोलावला. त्याने पाच मिनिटं पाहिलं, मोबाइलवर आकडेमोड केली आणि म्हणाला, "मॅडम, सगळं काढून टाकू. ग्रॅनाइटची चौकट, नवं दार. 22,000. टाइल्स फुटल्या तर त्याचे वेगळे." महिन्याच्या 20 तारखेला हा आकडा ऐकून माझाच चेहरा फुगला.

मग खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या नेहमीच्या सुताराचा नंबर दिला. सुतारकाका आले ते कापडी पिशवी घेऊन. त्यात रंधा, पटाशी, गुण्या, हातोडी. आधी त्यांनी चौकट वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिली. वाळवी असती तर आवाज पोकळ आला असता, मातीच्या रेघा दिसल्या असत्या, असं म्हणाले. मग निकाल दिला, "ताई, हे सागवान आहे. खालचं वीतभर कुजलंय. वरचं तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत!"

कारण साधं होतं. लाकडाचं कापलेलं टोक पाणी शोषून घेतं आणि आमच्या चौकटीचे दोन्ही पाय वर्षानुवर्षं ओल्या फरशीवर टेकलेले. उपायही साधाच. कुजलेला भाग तिरका कापायचा, तिथे सागाचा तुकडा वॉटरप्रूफ ग्लू आणि स्क्रूने जोडायचा. खालच्या टोकाला आधीच रंग द्यायचा आणि ते फरशीला टेकू द्यायचं नाही.

"आणि दाराला रंधा मारा ना," मी म्हटलं.

"थोडासाच मारतो. आत्ता फुगलेलं दार जास्त तासलं तर उन्हाळ्यात फट पडेल. दिवाळीनंतर बघू."

हातात आलेलं काम पुढे ढकलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते!

मजुरी 2,500 ठरली, लाकूड-स्क्रूचे होतील ते वेगळे. सामानासाठी त्यांनी 1,000 रुपये मागितले आणि मी अडखळले. दोन वर्षांपूर्वी वॉर्डरोबसाठी एकाला 15,000 अ‍ॅडव्हान्स दिला होता. त्याचा फोन अजूनही 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' आहे. तरी दिले. चेहऱ्यावर शंका ठेवूनच.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन बंद. चौथ्या दिवशी सकाळी फोन लागला आणि माझा तोल सुटला. "काका, पैसे घेऊन गायब होणारे खूप पाहिलेत मी!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "ताई, तुमच्या दारातच उभा आहे."

दार उघडलं. हातात सागाचे दोन तुकडे, 620 रुपयांची चिठ्ठी आणि उरलेले 380 रुपये. ओलं लाकूड वापरलं तर ते सुकताना आकसतं आणि जोड उघडतो. म्हणून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दोन दिवस फिरून त्यांनी पाडलेल्या वाड्याचं जुनं, मुरलेलं सागवान शोधलं होतं. फोन पावसात भिजून बंद पडला होता. मला फरशीत गडप व्हावंसं वाटलं.

दुपारी चहा घेताना माफी मागितली. काका हसले. "तुमचं चुकलं नाही. माझेही लोकांनी बुडवलेत. काम झालं की शेवटचे पैसे राहतातच." हे ऐकून मी गप्प. लेखाच्या मानधनासाठी महिनोन्‌महिने फोन करणाऱ्या माझ्यासारखीला आणखी काय समजवायचं?

गावगाड्यात सुतार बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर औतं दुरुस्त करायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. त्यातही अन्याय होता, बलुत्यासाठी तिष्ठत राहणं होतं. पण पुढच्या वर्षीही हाच माणूस येणार, हे दोघांनाही ठाऊक असायचं. शहरात आपण एकदाच भेटतो, म्हणून दोघंही घाबरलेले. यावर उपाय एकच. व्यवहार स्वच्छ ठेवायचा आणि त्याच माणसाला पुन्हा बोलवायचं.

दिवाळीनंतर मीच फोन केला, "काका, येताय ना?" ते आले, दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, कडेला चार हात रंधा मारला. आता दार एका बोटाने उघडतं.

सुतार बोलावताना...

• प्लायवूडच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात, शेजाऱ्यांकडे, वॉचमनकडे विचारा. त्याने वर्षभरापूर्वी केलेलं एखादं काम पाहून या.

• रोजंदारी की उक्तं, हे आधी ठरवा. किरकोळ दुरुस्तीला रोज बरा, मापात बसणाऱ्या कामाला उक्तं. सामान कोण आणणार, तेही स्पष्ट करा.

• अ‍ॅडव्हान्स सामानापुरता द्या, बिल घ्या. ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवा.

• सिंकखाली किंवा बाथरूमजवळ 'बीडब्ल्यूपी' प्लायवूडच घ्या. त्यावर 'आयएस 710' हा शिक्का पाहा. 'एमआर' प्लाय कोरड्या खोलीसाठी ठीक, पण तो वॉटरप्रूफ नसतो.

• वाळवी असेल तर आधी पेस्ट कंट्रोल, मग सुतारकाम.

• काम पसंत पडलं की शेवटचे पैसे त्याच दिवशी द्या. पुढच्या वेळी तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलला जाईल!