भिंतीमागचं हॉटेल

गेल्या वर्षी आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. त्या निमित्तानं मुलीनं मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात आमची एका रात्रीची सोय केली. हॉटेल जुनंच, पण वर्षभर बंद राहून, अंतर्बाह्य नवं होऊन नुकतंच उघडलेलं. खोलीत शिरल्याबरोबर आमची सौ. खिडकीशी गेली, समुद्र बघायला. मी गेलो न्हाणीघरात. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. ‘‘अहो, आलाय कशाला आणि करताय काय?’’ बाहेरून विचारणा झाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. पण मी उभी तीस वर्षं एका हॉटेलच्या इंजिनिअरिंग खात्यात काढली आहेत. नाव मोठं आहे. काम म्हणजे नळ, दिवे, एसी, लिफ्ट, बॉयलर आणि रात्री दोन वाजता ‘खोलीत कसला तरी आवाज येतोय’ म्हणून आलेला फोन. त्या तीस वर्षांत अख्खं हॉटेल उसवून पुन्हा शिवायचं काम मी दोनदा पाहिलं. त्यामुळे ‘नूतनीकरण केलेलं’ असा फलक दिसला की माझी नजर झुंबराकडे जात नाही. ती भिंतीमागे काय असेल ते शोधत राहते.

हॉटेलच्या नूतनीकरणाचे ढोबळमानानं दोन प्रकार असतात. पहिला वरवरचा. गालिचे, पडदे, गाद्या, खुर्च्यांची कापडं, भिंतींचा रंग. चांगली हॉटेलं हे पाच-सात वर्षांनी करतातच, कारण पाहुण्याच्या डोळ्यांना आधी तेच दिसतं. दुसरा प्रकार म्हणजे खोली पार विटांपर्यंत उघडी करायची. पाण्याचे नळ, सांडपाण्याचे पाइप, विजेच्या तारा, एसीचे पत्र्याचे मार्ग, सगळं काढून नवं घालायचं. हे बारा-पंधरा वर्षांनी एकदा, तेही मालकाची छाती असेल तर. कारण या कामात पैसा ओतावा लागतो आणि शेवटी त्यावर टाइल बसते. पाहुणा आत येऊन म्हणतो, ‘‘छान आहे, पण नवीन काय केलं?’’

आता त्या नळाचं सांगतो. मोठ्या हॉटेलात पाणी खोलीत तापत नाही. ते तळघरातल्या टाक्यांमध्ये तापतं आणि पंधरा-वीस मजले चढून येतं. एकच पाइप असला तर त्यातलं पाणी रात्रभर नुसतं उभं राहून गार होतं. पहाटे विमान पकडणारा पहिला पाहुणा नळ सोडतो आणि बादलीभर गार पाणी वाया गेल्यावर त्याला ऊन पाणी मिळतं. म्हणून गरम पाण्याला येण्याचा एक आणि परत जाण्याचा एक असे दोन पाइप टाकतात आणि छोटा पंप ते पाणी अहोरात्र फिरवत ठेवतो. हे नीट केलेलं असेल तर दहा-पंधरा सेकंदांत नळाला वाफ दिसते. मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला तर समजावं की फक्त टाइल बदलल्या आहेत. त्या खोलीत अकरा सेकंद लागले. मी खूश होऊन बाहेर आलो.

दुसरी गोष्ट वासाची. नव्या खोलीचा म्हणून एक वास असतो आणि काही मंडळी तो कौतुकानं छातीभर घेतात. तो रंगाचा, प्लायवुडचा आणि ते चिकटवणाऱ्या गोंदाचा वास. त्यातल्या काही गोंदांतून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दमेकऱ्यांना रात्र जड जाते. घरी आपण खिडक्या उघड्या टाकतो. हॉटेलातल्या खिडक्या बहुधा उघडतच नाहीत. जाणकार हॉटेल म्हणूनच खोल्या तयार झाल्यावर लगेच देत नाही; एसी आणि पंखे लावून त्या काही दिवस वाऱ्यावर ठेवते. उद्घाटनाची तारीख आधीच छापून झालेली असली की नेमके हेच दिवस कापले जातात. तेव्हा नव्यानं उघडलेल्या हॉटेलात जाणार असाल आणि घरात दम्याचं माणूस असेल, तर आधी उघडलेल्या मजल्यावरची खोली मागून घ्या. असं मागण्यात कमीपणा नाही.

आमच्या हॉटेलात आणखी एक पद्धत होती. मजला तयार झाला की पाहुण्यांआधी आम्ही कर्मचारी तिथं एक रात्र झोपायचो. वेटर, माळी, हिशेबनीस, सगळे. प्रत्येकाच्या हातात एक कागद आणि पेन्सिल. कुठलं दार करकरतं, कुठल्या दिव्याचं बटण अंथरुणातून सापडत नाही, शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू येतो का, ते लिहायचं. सकाळी सात वाजता फोनवरून इशारा आला की सगळ्यांनी एकदम शॉवर सोडायचे. लग्नाचं वऱ्हाड उतरलं की असंच होतं ना! पहिल्या वेळी टोकाच्या दोन खोल्यांत धारेऐवजी नुसते थेंब पडले. हिशेबनीस डोक्याला साबण लावून व्हरांड्यात येऊन उभे राहिले होते. पुढं महिनाभर त्यांनी आमची बिलं फार बारकाईनं तपासली.

हे सगळं नव्या किंवा मध्यमवयीन इमारतीचं झालं. शंभरी ओलांडलेल्या हॉटेलात हे काम फार अवघड होतं. आपल्यापुढचं सगळ्यात मोठं उदाहरण अपोलो बंदरावरच्या ‘ताजमहाल’चं.

जमशेटजी टाटांचं हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं, तेव्हा समोर गेट वे ऑफ इंडिया नव्हतं. ते पुरं झालं १९२४ साली. ताजचा मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरं होण्याआधीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुकारानं ते तडीस नेलं. ‘हॉटेल उलटं बांधलं गेलं म्हणून वास्तुकारानं जीव दिला’ ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. गोष्ट रंगतदार आहे, पण खरी नाही. दर्शनी दार मुळातच शहराच्या बाजूला होतं आणि समुद्राकडची बाजू खोल्यांना दिली होती. जुन्या दाराच्या जागी आज पोहण्याचा तलाव आहे. जमशेटजींना वॉटसन्स हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही दुसरी गोष्ट. तीही अभ्यासकांना पटत नाही.

मला त्या काळातला एक तपशील फार आवडतो. सुरुवातीला साध्या खोलीचं भाडं होतं १० रुपये. पंखा आणि जोडून न्हाणीघर हवं असेल तर १३. म्हणजे चैनीचा दर तेव्हाही तारेवर आणि पाइपवरच ठरत होता! विजेचे दिवे, जर्मन लिफ्ट, अमेरिकन पंखे यांचंच तेव्हाच्या मुंबईला अप्रूप होतं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी या हॉटेलात शिरले. पुढचे तीन दिवस आपण सगळ्यांनी दूरदर्शनच्या पडद्यावर घुमटाखालच्या मजल्यांतून निघणाऱ्या ज्वाळा पाहिल्या. ताजमध्ये ३१ जणांचा बळी गेला. त्यांतले बरेच जण हॉटेलचेच कर्मचारी होते. तेव्हाचे महाव्यवस्थापक करमबीर कांग पाहुण्यांना बाहेर काढत होते आणि त्यांची पत्नी व दोन मुलगे सहाव्या मजल्यावर अडकले होते. ते तिघंही वाचले नाहीत.

शेजारचा टॉवर सत्तरच्या दशकातला, काँक्रीटचा. त्याचं नुकसान मानानं कमी झालं होतं. तो २१ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे महिन्याच्या आत पुन्हा उघडला. जुना राजवाडा मात्र १५ ऑगस्ट २०१० पर्यंत बंद होता. जवळजवळ एकवीस महिने. लोक विचारायचे, एवढा वेळ का? आमच्या धंद्यातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. आग विझवायला लागणारं पाणी आगीच्या खालोखाल नुकसान करतं. ते वरच्या मजल्यावरून छतांत, लाकडात, तारांच्या नळ्यांत झिरपतं आणि भिंत वरून कोरडी दिसली तरी आत महिनोन्‌महिने ओल राहते. तशा भिंतीवर रंग चढवला तर पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात. काजळी तर उघड्या दिसणाऱ्या भिंतीवर कमी आणि एसीच्या मार्गांत जास्त बसते. ते मार्ग नुसते पुसून चालत नाही. पत्रा बदलावा लागतो, नाहीतर पाहुण्याला जळका वास येत राहतो. हे सगळं करून शेवटी इमारत मात्र पूर्वीसारखीच दिसली पाहिजे. हे सर्वांत कठीण. नवी वस्तू नवी दिसणं सोपं असतं. जुना कठडा, जुनी कमान, जुनी फरशी जिथल्या तिथं ठेवून तिच्यामागे आजच्या तारा, आजचे धूर ओळखणारे यंत्र, आजचे पाण्याचे फवारे बसवायचे म्हणजे म्हाताऱ्या माणसावर शस्त्रक्रिया करून टाका दिसू न देण्यासारखं आहे.

हे वेळेवर झालं नाही तर काय होतं तेही जवळच बघायला मिळतं. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल, आजची एस्प्लनेड मॅन्शन. इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे सुटे भाग आणून ते १८६० च्या दशकात उभं केलं. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचा सिनेमा मुंबईनं पहिल्यांदा पाहिला तो इथं. पुढं हॉटेल बंद पडलं, खोल्यांची कार्यालयं झाली, ज्याला जशी हवी तशी त्यानं फळी ठोकली आणि लोखंड गंजत राहिलं. २००५ साली सज्जांचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं इमारत रिकामी करावी लागली.

ताजच्या त्या रात्रीतली एक गोष्ट मी नेहमी सांगतो. कर्मचाऱ्यांनी शेकडो पाहुण्यांना बाहेर काढलं, त्यातले कितीतरी स्वयंपाकघरांतून आणि मागच्या, पाहुण्यांना एरवी न दिसणाऱ्या वाटांनी. हॉटेलात नेहमी दोन हॉटेलं असतात. एक गालिच्याचं आणि एक उघड्या सिमेंटचं. पाहुण्याला फक्त पहिलं माहीत असतं. म्हणून खोलीच्या दाराला आतून जो छोटा नकाशा लावलेला असतो, तो वाचावा. तो कोणी वाचत नाही. आम्ही एकदा एका मजल्यावर चुकून दुसऱ्याच मजल्याचे नकाशे लावले होते. चार महिने एकाही पाहुण्यानं तक्रार केली नाही.

दोन कामं करा. दार उघडून जवळच्या जिन्यापर्यंत चालत जा आणि मधली दारं मोजा. धूर झाला की दिवे दिसत नाहीत. हात भिंतीला लावून, वाकून, दारं मोजतच जावं लागतं. आणि छतातून डोकावणाऱ्या त्या पितळी तोटीला कपड्यांचा हँगर लावू नका. तिच्यात काचेची इवलीशी नळी असते, आत बहुधा लाल द्रव. साधारण ६८ अंशांना ती फुटते आणि पाणी सुरू होतं. सिनेमात दाखवतात तसे सगळ्या मजल्याचे फवारे एकदम उडत नाहीत. जिथं उष्णता, तिथलीच तोटी उघडते. पण नवरीचा शालू लटकवून धक्का दिला तरी ती फुटते आणि मग शालूसकट तीन खोल्या भिजतात. हे मी पुसून काढलेलं आहे.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी दारं मोजत निघालो. डाव्या हाताला सात दारं, मग जिना. जिन्याचं दार जड, सोडलं की आपोआप मिटणारं, अगदी हवं तसं. ते उघडलं तर पायरीच्या चौकात गुंडाळलेले जुने गालिचे आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या चार गाद्या. नूतनीकरणात निघालेलं सामान हलवायचं राहून गेलेलं. एक माणूस आडवा होऊन जेमतेम गेला असता. अकरा सेकंदांत गरम पाणी देणाऱ्या हॉटेलात हे होतं.

मी खाली फोन केला. ड्यूटी मॅनेजर आले, तरुण, अदबशीर. म्हणाले, ‘‘सॉरी सर, उद्या सकाळी पहिलं काम हेच करतो.’’

मी म्हटलं, ‘‘सकाळी नको. आत्ता. मी इथंच थांबतो.’’

ते एक क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माणसं बोलावली. गाद्या उचलायला आलेल्या दोन पोरांपैकी एकानं जाता जाता हळूच विचारलं, ‘‘काका, तुम्ही आपल्या लायनीतले का?’’ मी हो म्हटलं. ‘‘आम्ही तीन दिवस सांगतोय यांना,’’ तो म्हणाला आणि गादी खांद्यावर टाकून जिना उतरला.

पावणेबाराला चौक मोकळा झाला. खोलीत आलो तेव्हा सौ. झोपली होती. सकाळी नाश्त्याला जाताना मी लिफ्टऐवजी जिन्याकडे वळलो आणि तिला वाटलं, पाय मोकळे करायचे असतील. वरच्या चौकात काही नव्हतं. खालच्याही नव्हतं. त्याच्या खालच्या चौकात रंगाचे दोन डबे आणि एक शिडी होती.